रांजणातले रोडगे

दिवाकर भाऊजींनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि त्या गार, चकचकीत दुकानात उभं राहून कणकेचे गोळे एकेक करून जाळीवर मांडायला सुरुवात केली.

"एक... दोन... तीन..."

टाय लावलेला विक्रेता माझ्याकडे पाहू लागला. मी शेजारच्या काचेच्या बरण्यांकडे पाहू लागलो. हा माणूस माझ्याबरोबर आलेला नाही असं वाटावं, एवढीच माझी इच्छा होती.

"आठ बसतात," भाऊजी म्हणाले. "नववा पार कडेला जाऊन राहिला. कडेला आच कमी लागेल नं?"

"सर, लोक यात पिझ्झा करतात," विक्रेता म्हणाला. "चिकन, पनीर. हे काय आहे?"

"रोडगे. याच्यापेक्षा मोठा दाखवा. मला अकरा पाहिजेत, एकाच वेळी."

ती वस्तू म्हणजे कोळशावरची परदेशी शेगडी होती. भाजलेल्या जाड मातीची, वरून तांबडी झिलई, आकार उभ्या अंड्यासारखा. तळाशी कोळसे, मध्ये जाळी, वर जड झाकण, झाकणात उष्णतेचा काटा. हवा आत यायला खाली सरकती लोखंडी खिडकी आणि बाहेर जायला वर टोपी. मी तिला त्या दिवसापासून रांजण म्हणत आलो. मोठ्या रांजणात अकरा गोळे बसले. मग भाऊजींनी बाजारात माठ घेताना वाजवतात तसा तो बोटांच्या पेरांनी चारी बाजूंनी वाजवला, कान लावून ऐकला आणि म्हणाले, "हा बद वाजतो. दुसरा काढा." विक्रेत्याने दुसरा काढला, बहुधा सुटका करून घ्यायला. तिसरा पसंत पडला. गोळे परत डब्यात गेले. कणीक फुकट जाऊ नये म्हणून त्या रात्री ताईने त्यांच्या पोळ्या केल्या असणार. त्या घरात काहीच फुकट जात नाही, डोकं सोडून.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. बाबा गेल्यालाही चार वर्षं होतील.

माझी थोरली बहीण प्रतिभा हिने या माणसात काय पाहिलं, हे मला कधीच कळलं नाही. दिवाकर ढोबळे एका औषधाच्या कारखान्यात तपासनीस होते. दिवसभर काटे पाहायचे आणि वहीत आकडे लिहायचे. घरी आले की घरातले काटे पाहायचे. चहाला किती वेळ उकळी आली हे सांगणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे, आणि त्याच्या पंगतीला बसून जेवलो आहे.

रांजण घ्यायचं कारण आईचा नवस. ताईचा नागपूरचा फ्लॅट बिल्डरने सहा वर्षं लटकवला होता. तो ताब्यात मिळाला तर मारोतीला अकरा रोडगे देईन, असं आई बोलली होती. फ्लॅट मिळाला आणि दोन महिन्यांनी आई गेली. नवस राहिला. रोडगा म्हणजे आमच्या वऱ्हाडातला गव्हाच्या जाड कणकेचा गोळा. आत तेलाचे पदर घालायचे, गोवऱ्यांच्या विस्तवात पुरून भाजायचा, राख झटकायची, फोडायचा आणि तुपात बुडवायचा. हे काम पुरुषांचं आणि शेतातलं. चौथ्या मजल्याच्या गच्चीवर गोवऱ्या पेटवल्या तर अख्खी सोसायटी खोकत खाली पळेल. सेक्रेटरी चौबे यांनी तसं लेखी कळवलं होतं. कोणीही शहाण्या माणसाने शेत गाठलं असतं, नाहीतर मारोतीला पेढे वाहून हात जोडले असते. भाऊजींनी तीन महिने वाचन केलं आणि धूर न करणारा रांजण शोधून काढला.

आई गेल्यावर चार महिने बाबा माझ्याकडे होते. अंजनगावच्या कापसाच्या जिनात ते फोरमन होते. आता काचबिंदूने नजर बहुतेक गेली होती, माणसं नुसत्या सावल्यांसारखी दिसायची. मी त्यांना वेगळी खोली दिली, टीव्ही दिला, डोळ्यांत औषध वेळेवर घातलं. एकदा ते उठून स्वतः चहा करायला गेले आणि पातेलं कलंडलं. तेव्हा माझ्याकडे कॉलेजातले दोघे आले होते. मी म्हटलं, "बाबा, डोळे नाहीत तर निदान अक्कल तरी वापरा." दोघे हसले. बाबाही हसले. आमच्या घरात असंच बोलतात, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. मी बारावीला रसायनशास्त्रात जिल्ह्यात पहिला आलो तेव्हा बाबा म्हणाले होते, "औंदा पोरं कमी बसली असतील." आई रोज ताट वाढून उभी राहायची. बाबा पहिला घास घ्यायचे आणि म्हणायचे, "आज मीठ सापडलेलं दिसते." लग्नात आम्ही दोघे बापलेक एका कोपऱ्यात बसायचो आणि येणाऱ्याजाणाऱ्याची अशी साल काढायचो की हसून ठसका लागायचा. त्यांच्यासारखी जीभ भावंडांत मला एकट्याला मिळाली, याचा मला अभिमान होता.

माझ्याकडे आल्यापासून ते गप्प होते. आईचं दुःख असेल असं मी धरलं. बोलायचे ते फक्त फोनवर, एक दिवसाआड, भाऊजींशी. विषय एकच.

"जवाईबापू, कणीक मांडे करायसारखी सैल नोका भिजवू. दगडावाणी पायजे. काय? ग्रॅमात मले नाही सांगता येत. तुमची अक्कल किती ग्रॅम हाय ते पाहा आधी."

पलीकडे भाऊजी हे लिहून घेत असणार. मी शेजारच्या खोलीत बसून हसायचो. बाबा त्या वेंधळ्याला मस्त खेळवतात असं मला वाटायचं.

मग एक दिवस ताईने विषय काढला. बाबांनी कायमचं तिच्याकडे यावं. मी संतापलो. मुलगा जिवंत असताना बाप लेकीच्या दारात राहणार? आमच्याकडे जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत. कॉलेजात, नात्यात, गावात मी काय तोंड दाखवणार होतो? बाबा म्हणाले, "रोडग्याच्या दिवशी सांगतो." माझा जीव भांड्यात पडला. रोडगे त्या रांजणात भाजले जाणार होते, आणि रोडग्याच्या बाबतीत बाबांसारखा कडक माणूस तालुक्यात नव्हता. त्या दिवशी भाऊजींची काय शोभा होणार ते मला दिसत होतं. त्या शोभेनंतर बाबा त्या घरी एक रात्रही काढणार नाहीत, याची मला खात्री होती.

रविवारी सकाळी नऊला आम्ही ताईकडे पोचलो. माझी बायको माहेरी गेली होती, म्हणून आम्ही दोघेच. गच्चीवर एक ताडपत्री बांधली होती आणि तिच्या सावलीत रांजण लोखंडी तिवईवर बसला होता. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं. शेजारी भाऊजी गळ्यात ॲप्रन, हातात वही घेऊन उभे.

"या बाबा. मी साडेसातला पेटवला. कोळसे वरून पेटवायचे, खालून नाही. पाऊण तास झाकण उघडं. आता हळूहळू चढवून राहिलो. एकशे साठ आहे. एकशे ऐंशीला स्थिर करायचा."

"अन् गोवरी?" बाबांनी विचारलं.

कंपनीच्या पुस्तकात ठळक अक्षरात लिहिलं होतं की लाकडी कोळशाशिवाय आत काहीही घालू नये. त्या ओळीखाली भाऊजींनी पेन्सिलने लिहिलं होतं, 'बाबा म्हणतात, दोन गोवऱ्या.' त्यांनी ते मला मोठ्या कौतुकाने दाखवलं. मी म्हटलं, "भाऊजी, पीएच.डी. करून टाका यावर."

"करता आली असती," ते गंभीरपणे म्हणाले.

अशा माणसाला टोमणा मारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

ताईने खालून कणकेची परात आणली. बाबांनी रांजणाशेजारी मांडी घातली आणि रोडगे वळायला घेतले. डोळे नसले तरी हात चुकत नव्हते. मध्येच ते भाऊजींना एक वळायला देत, चाचपून पाहत आणि म्हणत, "हे काय हाय? बैलाचं वशिंड? मोडा." भाऊजी मोडायचे, वहीत लिहायचे आणि पुन्हा वळायचे. असं सात-आठ वेळा झालं. मला फार मजा आली. मीही दोनचार वाक्यं टाकली. बाबा माझ्या वाक्यांना हसले नाहीत, पण ते कामात होते.

दहा वाजता अकरा रोडगे जाळीवर गेले. कोळशाची आच सरळ लागू नये म्हणून खाली मातीची तबकडी. झाकण बसलं. भाऊजींनी खालची खिडकी एक बोटभर उघडी ठेवली, वरची टोपी तेवढीच, आणि काट्यासमोर स्टूल टाकून बसले. काटा एकशे ऐंशीवर जाऊन थांबला. तिथून हलेना. धूर इतका कमी होता की उदबत्तीचा त्याहून जास्त होईल. मला हे अपेक्षित नव्हतं.

अर्ध्या तासाने भाऊजींनी झाकण उघडून सगळे रोडगे उलटवले. बाबांनी हात पुढे केला. भाऊजींनी एक रोडगा फडक्यात धरून त्यांच्याजवळ नेला. बाबांनी नखाने टिचकी मारली, ऐकलं आणि मान हलवली. झाकण परत बसलं.

तेवढ्यात भाऊजींना एक लहर आली. "चौबेंना बोलावून आणतो. धूर नाही हे एकदा डोळ्यांनी पाहू दे त्यांना. नरेशराव, पंधरा मिनिटं. काही करायचं नाही. फक्त काटा एकशे ऐंशीवर आहे ते पाहायचं. हे भांडं एकदा तापलं की लवकर निवत नाही, म्हणून काही म्हणजे काही करायचं नाही."

"मी केमिस्ट्री शिकवतो, भाऊजी."

"हो, हो. म्हणूनच तुम्हाला सांगून राहिलो."

ते गेले. ताई खाली वांग्याच्या भाजीपाशी होती. गच्चीवर मी आणि बाबा. खूप दिवसांनी आम्ही दोघे असे एकत्र होतो, आणि समोर नावं ठेवायला इतकी छान वस्तू होती. मी स्टूल त्यांच्याजवळ ओढलं.

"काय मग बाबा? रोडगे म्हणायचे की बेकरीतले पाव?"

बाबांनी नाक वर केलं. थोडा वेळ हुंगत राहिले. मी वाट पाहत होतो.

"वास बरोबर येऊन राह्यला," ते म्हणाले.

"काय?"

"बरोबर हाय वास. हुशार हाय गड्या जवाई. आंधळ्याच्या तोंडून ऐकून ऐकून शिकला. तुमच्या आईले खायाले पायजे होते हे."

मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. 'बरोबर' हा शब्द मी त्यांच्या तोंडून माझ्यासाठी एकदाही ऐकला नव्हता. माझ्या नोकरीसाठी नाही, घरासाठी नाही, चार महिने डोळ्यांत औषध घातलं त्यासाठी नाही. आणि कणकेचे गोळे डब्यात घालून दुकानात फिरणाऱ्या या बावळटाला तो फुकटात मिळाला होता. माझ्या छातीत काहीतरी पेटलं. हेवा होता तो. त्या वेळी मी त्याला दुसरं नाव दिलं असतं.

मी उठलो. बाबांकडे पाठ केली, चपलेच्या टोकाने खालची खिडकी पूर्ण उघडली आणि वरची टोपी फिरवून सगळी मोकळी केली. हवा वाढली की जाळ वाढतो, हे सातवीतल्या पोरालाही कळतं. मग परत स्टुलावर येऊन बसलो आणि बाबांशी क्रिकेटबद्दल बोलायला लागलो. बाबा हो-नाही करत राहिले.

काटा दोनशेवर गेला. दोनशे चाळीस. दोनशे नव्वद. आत फुरफुर ऐकू येऊ लागली. मी बोलत होतो. तीनशे तीसला वरून धूर निघाला, आधी पांढरा, मग काळा.

"नरेश," बाबा म्हणाले, "जळून राह्यलं."

"असं होतं यात. परदेशी वस्तू."

जिन्यात भाऊजींचा आवाज आला, "या चौबेजी, तुम्ही स्वतःच पाहा," आणि मग एकदम पळत येणारी पावलं. मागून ताई बादली घेऊन धावली.

"पाणी नको!" भाऊजी ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. "तडकेल, अंगावर फुटेल! बाबांना मागे घ्या!"

मी जागचा हललो नाही. भाऊजीच बाबांच्या आणि रांजणाच्या मध्ये उभे राहिले आणि झाकण आधी दोन बोटं, मग पूर्ण उचललं. जाळ हातभर वर आला. त्यांच्या उजव्या हाताचे केस कोपरापर्यंत गेले, त्याचा वास सुटला. तशा जाळात चिमटा घालून त्यांनी अकराही रोडगे एकेक करून परातीत काढले. काळे ठिक्कर. मग झाकण लावलं, वरची टोपी बंद केली आणि खालच्या खिडकीशी वाकले. ती सताड उघडी होती. ते तसेच वाकून राहिले. मग त्यांनी ती बंद केली आणि सरळ झाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, अगदी थोडा वेळ.

"ढोबळेसाहेब, ये क्या है?" चौबे तोंडावर रुमाल धरून म्हणाले.

"माझी चूक," भाऊजी म्हणाले. "जाताना खालची खिडकी माझ्याकडून उघडी राहिली."

मला हसू आलं. स्वतःवर आरोप घेण्याइतका हा माणूस दुबळा निघाला! खरं बोलायचीही हिंमत नाही. मी ताईला म्हटलं, "जाऊ दे, पहिल्यांदा असंच होतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणण्यापेक्षा चूक कबूल केली, हेच पुष्कळ."

चौबे गेले. ताई परातीकडे पाहून रडायला लागली. आईचा नवस होता. "आता मारोतीला काय दाखवू बाबा? हे जळकं?"

"दाखव," बाबा म्हणाले. "लंका जाळणारा देव हाय तो. त्याले जळकं चालते."

ताई रडता रडता हसली. भाऊजींनी हाताला बर्फ न लावता सुरी घेतली आणि वरची काळी साल खरवडायला बसले. आतून रोडगे कच्चे होते, पण मधे कुठे कुठे शिजलेला पदर सापडत होता. अकराही सोसायटीच्या दारातल्या मारोतीला दाखवून पाच तिथे ठेवले. उरलेले तूप ओतून आम्ही खाल्ले. बाबांनी पहिला घास घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. आता एक वाक्य येईल आणि हा सगळा तमाशा संपेल.

"भाजी घ्या आणखी, जवाईबापू," बाबा म्हणाले. "तुम्ही काही खाल्लं नाही."

चार वाजता ऊन उतरलं. भाऊजी मलम आणायला खाली गेले होते, ताई भांडी घासत होती. मी बाबांची काठी आणली.

"चला बाबा."

ते खुर्चीतून उठले नाहीत. "मी इथंच राह्यतो."

"आज?"

"आज अन् पुढंही."

"लेकीकडे? लोक काय म्हणतील?"

"लोकाइले म्हणू दे."

"का पण? माझ्याकडे काय कमी आहे?"

"काही कमी नाही. खोली हाय, टीव्ही हाय, औषध टायमावर हाय. तुह्या घरी मले चहा मांडाचं भेव लागते, नरेश. पातेलं हातात घेतलं का तसंच खाली ठेवतो. तुही आई ताट ठेवून काहून उभी राहे, हे मले या चार महिन्यांत समजलं. पन्नास वर्षं उभी राह्यली ते बाई."

"मी तुमच्यासारखंच बोलतो बाबा. तुम्हीच शिकवलं."

"तेच त सांगून राह्यलो."

"म्हणजे त्या रांजणवाल्यापायी तुम्ही—"

"रांजण गेला खड्ड्यात. त्या मानसाले मी दोन महिने नावं ठेवली. त्यानं सगळी वहीत लिहून घेतली, अन् काय करू म्हणून इचारलं. असा मानूस मले या उमरीत पयल्यांदा भेटला. आपल्या दोघाइले जमते काय ते?"

जिन्यात भाऊजींची पावलं वाजली. बाबांनी आवाज खाली आणला.

"ते खिडकी तू उघडली."

"कोणी सांगितलं तुम्हाला? भाऊजींनी?"

"तो कायले सांगते? कोणीच नाही सांगतलं." बाबांनी त्यांचे ते न पाहणारे डोळे बरोबर माझ्या तोंडावर आणले. "तुह्या जागी मी असतो, त मीच उघडली असती."